आमच्या घरचं पितळी साम्राज्य

काम एवढंच होतं की नाण्यांचा एक संच काचेच्या पेटीत बसवून घ्यायचा आणि शाळेत नेऊन द्यायचा. सकाळी घरातून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी परतावा, इतपतच. त्यापायी मला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावं लागलं, सरकारी कचेरीत खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागलं आणि एका बाईंनी फुटपट्टीने माझं नाक मोजलं. यातला नाकाचा भाग मी कुणाला सांगणार नव्हतो. पण तो वगळला तर सांगण्यासारखं काही उरतच नाही.

नाणी गुप्त घराण्याची. म्हणजे खरी नव्हेत. आमची ही शाळेत इतिहास शिकवायची. पुस्तकातला राजा मुलींना चपटा वाटतो, तो हातात वजनाने पडला पाहिजे, असं तिचं म्हणणं. खरे राजे संग्रहालयात, कुलूपबंद. मग तिने स्वतःच मेणाच्या चकत्यांवर सुईने राजे कोरायला घेतले. जेवणाची ताटं उचलली की टेबलावर साम्राज्य पसरायचं. वाघ मारणारा समुद्रगुप्त, वीणा वाजवणारा समुद्रगुप्त, सिंहावर बाण रोखलेला दुसरा चंद्रगुप्त, मोराला खाऊ घालणारा कुमारगुप्त. पहिला चंद्रगुप्त तेवढा राणीसमोर उभा, तिला अंगठी देताना. हे लोक राज्य कधी करायचे, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही कचेरीत काम करायचात तेव्हाच."

ती मला सम्राट म्हणायची. कौतुकाने नव्हे. मी पाणीपुरवठा खात्यात मीटर दुरुस्तीला होतो आणि घरी आलो की खुर्चीत बसायचो. "सम्राटांनी उठावं, दूध उतू जातंय," असा त्याचा वापर होता.

कोरलेलं मेण पितळेत ओतून दिलं आमच्या गल्लीतल्या कवळीवाल्यांनी. त्यांचा दात बनवण्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक खोली, एक भट्टी आणि फळीवर ओळीने हसणाऱ्या कवळ्या. दाताची टोपी मेणावरून धातूत जशी ओततात, तसाच त्यांनी सगळा राजवंश ओतला. नाणी अगदी खऱ्या मापाची. वर्गात ही एक भिंग घेऊन जायची आणि नाणी बाकाबाकावरून फिरायची. मला मात्र डब्याला हात लावायची बंदी होती. "तुमच्या हाताला ग्रीस असतं," म्हणायची.

गेल्या वर्षी ती गेली. घरात तिच्या हातचं पुष्कळ होतं, पण सगळं संपत चाललेलं. तिने शिवलेले अभ्रे विरले. तिच्या कुंड्यांतली रोपं मी पाणी घालून घालून मारली. आयुष्यभर पाण्याच्या खात्यात काढलेल्या माणसाला रोपाला किती पाणी लागतं हे कळू नये, याचं मला अजून वाईट वाटतं. न विरणारं, न मरणारं असं तिच्या हातचं एकच उरलं होतं, तो नाण्यांचा डबा. तिच्याच वर्गाच्या भिंतीवर काचेची पेटी लावू, असं मुख्याध्यापिका बाई आपणहून म्हणाल्या. शनिवारी सकाळी पेटी आली पाहिजे, हेही म्हणाल्या. कारण खेळाच्या सरांना त्याच भिंतीवर ढाली आणि चषक लावायचे होते, आणि त्यांनी टेप धरून भिंत मोजूनही ठेवली होती.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग मी डबा घेऊन जिना उतरत असताना वरच्या मजल्यावरचे मॅनेजर भेटले.

मॅनेजर बँकेतून निवृत्त झाले, पण तसं त्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाचं काय काम आहे ते विचारून घेतात आणि ते काम कसं चुकतंय ते सांगतात. त्यांनी डबा उघडायला लावला. नाणी वर्षानुवर्षं मुलींच्या हातांनी काळपट झालेली.

"अशी देणार? गुप्तांचा काळ म्हणजे सुवर्णयुग. हे तर भंगार वाटतंय," मॅनेजर म्हणाले. दंतमंजन लावून घासा, हा पहिला सल्ला. आणि यात चाणक्य कुठे आहे, हा दुसरा प्रश्न. मी म्हणालो, चाणक्य मौर्यांचा, तो चंद्रगुप्त वेगळा. एवढं हिच्यासोबत राहून मला माहीत होतं. मॅनेजर म्हणाले, "चंद्रगुप्त म्हटलं की चाणक्य पाहिजे. लोक विचारतील." कुणीच विचारलं नाही. पण त्या क्षणी मलाही वाटून गेलं की चाणक्य असता तर बरं झालं असतं.

चाणक्य मिळण्यासारखा नव्हता, पण दंतमंजन होतं. मी घरी परतून घासायला बसलो. मीटर घासण्यात माझी हयात गेली, त्यामुळे हात चांगला बसलेला. राजा, वाघ, राणी, मोर, काही न बघता घासत गेलो. चकाकी येतेय की नाही एवढंच बघायचं, ही आमच्या खात्याची शिस्त. संध्याकाळी डबा उघडला तर टेबलावर पिवळा उजेड पडला. हिने बघितलं असतं तर आधी बरं वाटलं असतं आणि मग दंतमंजनाचा रिकामा डबा दिसला असता.

दुसऱ्या दिवशी मी नाणी फ्रेमवाल्याकडे नेली. फ्रेमवाला बडबड्या माणूस, पण डबा उघडल्यावर गप्प झाला. मग त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि हळू आवाजात विचारलं, "काका, कुणाच्या काळातली?"

मी अभिमानाने म्हणालो, "गुप्तांच्या."

इथे 'नमुने आहेत' हे दोन शब्द जोडायचे राहिले. मुद्दाम नाही राहिले. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी तिच्या कामाकडे डोळे मोठे करून बघत होतं. मला ते थांबवावंसं वाटलं नाही. फ्रेमवाला म्हणाला, पेटी उद्या मिळेल, नाणी मापासाठी ठेवून जा. मी ठेवून आलो.

संध्याकाळी पोलीस आले. म्हणजे एकच आला, पण आमच्या जिन्यात एक पोलीसही गर्दीसारखा वाटतो. सगळी दारं उघडली. मॅनेजर तर खाली येऊन माझ्या बाजूने उभेच राहिले आणि म्हणाले, "गृहस्थ सज्जन आहेत. पत्नी गेल्यापासून जरा एकटे पडलेत, एवढंच. माणूस अशा वेळी काहीही करून बसतो." माझी बाजू घेणाऱ्या माणसाने माझं केलेलं सगळ्यात मोठं नुकसान ते.

ठाण्यात साहेबांच्या टेबलावर आमचा डबा होता. फ्रेमवाल्याने प्रामाणिकपणे आणून दिला होता. जुनं सोनं सापडलं तर ते सरकारला कळवावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. साहेब चांगले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि नाणी कुठे सापडली ते विचारलं. मी म्हणालो, कपाटात. त्याआधी? बायकोकडे. तिला कुठे सापडली? सापडली नाहीत, तिने घरी केली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "घरी नाणी केली?"

"जेवणाच्या टेबलावर."

"काका, नीट विचार करून सांगा. नाणी खरी असतील तर ती सरकारची, तुम्ही दडवून ठेवलीत. खोटी असतील तर घरात नाणी पाडलीत. तुम्हाला यातलं कुठलं बरं पडेल?"

मी म्हणालो, हे चलन बंद होऊन दीड हजार वर्षं झाली, यात कुणी भाजी देणार नाही. साहेबांना ते पटलं. पण पटलं म्हणून सोडता येत नाही, वरून विचारतात. त्यांनी 'पिवळ्या धातूच्या चकत्या' असं लिहून डबा कापडात शिवला, लाखेची मोहर लावली आणि तज्ज्ञांच्या अभिप्रायासाठी पुरातत्त्व कचेरीत धाडायचं ठरवलं. मी विचारलं, परत कधी मिळेल? साहेब म्हणाले, "अभिप्राय आला की. मागे एक तांब्या पाठवला होता, तो अजून तिकडेच आहे."

घरी येऊन मी कपाट उघडलं. डब्याच्या जागी धुळीत एक स्वच्छ गोल उरला होता. मी तो पुसला नाही.

सकाळी कवळीवाल्यांकडे गेलो. ज्याने ओतली त्यानेच येऊन सांगितलं तर प्रश्न मिटेल, असा माझा हिशेब. ते जुन्या चिमट्याने कुणाची तरी दाढ धरून उजेडात बघत होते. सगळं ऐकून त्यांनी दाढ खाली ठेवली, हात धुतले आणि ठेवणीतला कोट घातला. वाटेत मी त्यांना बजावलं, कमी बोला. ते म्हणाले, "मी दातांच्या धंद्यात आहे. तोंड कधी उघडायचं ते मला कळतं."

पुरातत्त्व कचेरीत एक मॅडम होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, टेबलावर मातीची खापरं, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. पोलिसांचा डबा सकाळीच पोहोचला होता. मॅडमनी मोहर फोडली, एक नाणं तळहातावर उडवलं आणि लगेच म्हणाल्या, "हे पितळ आहे."

मी उठलोच. म्हटलं, मग द्या, शनिवार उद्यावर आलाय.

मॅडम म्हणाल्या, तसं देता येत नाही. मग त्यांनी मला जे समजावलं ते मी तीनदा ऐकलं तरी मनातून पटलं नाही. त्या काळीही खोटी नाणी पाडणारे लोक होते. त्यांनी पितळेचं, तांब्याचं नाणं सोनं म्हणून खपवलं. ती नाणी खोटी खरी, पण पुराणी. आणि पुराणी म्हटली की सरकारची. तेव्हा नाणी खोटी आहेत हे पुरेसं नाही. ती आत्ता खोटी केलेली आहेत हे सिद्ध झालं पाहिजे. नाही तर साहेबांच्या त्या तांब्याशेजारी त्यांची जागा ठरलेली.

"मी ओतलीत," कवळीवाले म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. पुरावा काय, असं विचारलं. कवळीवाल्यांनी ताठ बसून सांगितलं, की पुरावा म्हणजे कामाचा दर्जा. मेणातली रेघ न् रेघ धातूत उतरली आहे. "अहो, माझं काम कुणालाही खोटं म्हणून ओळखता येत नाही. अध्यक्ष, वकील, गवई, सगळे माझे दात घालून फिरतात. कुणाला संशयसुद्धा येत नाही."

मॅडमनी ते शब्द लिहून घेतले. मी टेबलाखालून कवळीवाल्यांच्या पायावर पाय ठेवला. त्यांनी तो काढून घेतला आणि पुढे बोलले, पण आता वेगळ्याच सुरात. "मॅडम, तुम्ही नीट बघा. नुसतं वजन काय करता? तोंडं बघा राजांची."

"बघते ना."

"भिंगातून बघा. त्या बाई भिंगातूनच दाखवायच्या." आणि माझ्याकडे न बघता छताकडे बघत बसले. चोरी पकडली जायची वेळ आली की माणूस जसा बसतो, तसे.

मॅडमनी भिंग घेतलं. सगळ्यात वरचं नाणं पहिल्या चंद्रगुप्ताचं, राजा-राणी समोरासमोर. त्यांनी वाकून बघितलं. मग भिंग पुसून पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग नाण्याकडे.

"काका," त्या म्हणाल्या, "या राजाने चष्मा लावलाय."

मी म्हणालो, शक्य नाही.

"आणि राजा अंगठी देत नाहीये. राणीच त्याला काहीतरी देतेय." त्यांनी नाणं उजेडात तिरकं धरलं. "पिशवी आहे. बाजाराची, दोन बंदांची."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. राजा पोक काढून उभा होता. नाक पुढे आलेलं. डोळ्यावर गोल चष्मा आणि त्याच्या काडीवर कानापाशी बारीकसा उंचवटा. माझ्या चष्म्याची काडी बरीच वर्षं दोऱ्याने बांधलेली आहे. गाठ तिथेच आहे, कानापाशी. समोर राणी, ताठ, हात लांब केलेला. चेहरा दोन टाचण्यांच्या डोक्यांएवढा, पण मला तो चेहरा माहीत होता. 'किती वेळ बसणार आहात' असा तो चेहरा.

मॅडमनी पुढची नाणी स्वतःच काढली. आता त्या खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. वाघ मारणारा राजा, चष्म्यासह. मोराला खाऊ घालणारा राजा, चष्म्यासह, आणि समोर मोर नसून खिडकीत येणारं आमचं कबुतर. वीणा वाजवणाऱ्या समुद्रगुप्तापाशी त्या अडल्या. "मांडीवर हे काय आहे? वीणा नाही. गोल आहे, काटा आहे…"

"मीटर," मी म्हणालो. "पाण्याचा. मी घरी आणायचो दुरुस्तीला. असाच मांडी घालून बसायचो." मी भिंग खाली ठेवलं आणि खिशात रुमाल शोधला, तर तिथे दंतमंजन लागलेलं फडकं निघालं.

तासन् तास या नाण्यांना मी घासलं होतं. एकाही राजाच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी कवळीवाल्यांना विचारलं.

"ओतताना बघितलं ना. बाईंनी शपथ घातली होती. म्हणाल्या, त्यांना सांगायचं नाही, त्यांचं त्यांना दिसू दे. रोज समोर असतो डबा, कधीतरी बघतीलच." मग ते माझ्याकडे वळले. "मला वाटत होतं तुम्ही बघितलं असेल. मग आज वाटलं, नाही बघितलं. म्हणून नीट बघा, नीट बघा म्हणत होतो. सांगितलं कुठे? शपथ मोडलेली नाही."

मॅडम हसू दाबत लिहायला बसल्या. गुप्तकाळात चष्मा नव्हता, पाण्याचे मीटर नव्हते, सबब वस्तू अलीकडची. पण त्यांचे वरिष्ठ आतून आले आणि वाचून म्हणाले की चष्म्यासारखं दिसतं हे मत झालं, आधार काय? मॅडम म्हणाल्या, आधार समोर बसलाय.

मग मला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. चष्मा लावून एकदा, काढून एकदा. वरिष्ठांनी एका हातात नाणं धरलं आणि डोळे बारीक करून माझी बाजू बघितली. नाकाबद्दल त्यांना शंका होती. मॅडमनी फुटपट्टी आणली, माझं नाक मोजलं, कपाळ मोजलं, भिंगाखाली राजाचंही मोजलं आणि प्रमाण जुळतं असं सांगितलं. कचेरीतले लोक कामं टाकून दाराशी जमले. मी आयुष्यात एवढा वेळ ताठ उभा राहिलेलो नाही. कुणीतरी म्हणालं, थोडं पोक काढा, नाण्यात पोक आहे. मी काढलं.

अभिप्रायाची प्रत माझ्याकडे आहे. तिच्यात लिहिलंय: 'सदर राजा समक्ष हजर असून हयात आहे. सबब नाणी पुराणवस्तू नाहीत.' खाली सही, शिक्का. मॅनेजरांना ती दाखवली तेव्हा त्यांनी दोनदा वाचून विचारलं, "यात चाणक्याचं काहीच नाही?"

डबा घेऊन मी फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याने माफी मागितली आणि पेटी समोरच बसवून दिली. रात्री मुलीला फोन केला. ती त्याच शाळेत शिकलेली, आता दूर असते. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं का ग, आईच्या नाण्यांवर कोण आहे ते?"

ती म्हणाली, "बाबा, सगळ्या शाळेला ठाऊक होतं. परीक्षेत प्रश्न यायचा, समुद्रगुप्ताचे छंद लिहा. एका मुलीने लिहिलं होतं, नळ दुरुस्ती. आईने अर्धा गुण दिला होता."

आणि मग मला शाळेचं फाटक आठवलं. हिला स्कूटरवरून सोडायला जायचो तेव्हा फाटकातल्या मुली माझ्याकडे बघून तोंडावर हात धरायच्या आणि एकमेकींना कोपराने ढोसायच्या. मला वाटायचं, स्कूटरला हसतात. त्यापायी मी स्कूटर दोनदा रंगवली होती. ही मागच्या सीटवरून उतरताना म्हणायची, "रंग छान दिसतोय हं."

शनिवारी पेटी भिंतीवर लागली. खेळाचे सर टेप खिशात घालून मागे उभे होते, पण त्यांनीच स्टूल धरलं. मुली रांगेने भिंग घेऊन बघत होत्या. पुढची एक पहिल्या चंद्रगुप्तापाशी वाकली, मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पटकन तोंडावर हात धरला. तिने शेजारणीला ढोसलं. शेजारणीने वाकून बघितलं.

मी चष्मा काढला, पुसला, दोऱ्याची गाठ चाचपून पुन्हा नीट लावला. मग खिडकीकडे तोंड करून, थोडं पोक काढून उभा राहिलो, म्हणजे मुलींना ताडून बघायला सोपं जावं.